लाल बटनातलं कुंकू

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास आमच्या दैनिकाच्या लातूर कार्यालयातल्या संगणकाचा पॉवर सप्लाय फुटला. खोलीत तीन माणसं होती: कार्यालयप्रमुख, पानं लावणाऱ्या ऑपरेटर बाई आणि मी, उपसंपादक. कुणाला इजा झाली नाही. फुटण्याचं कारण मला पाच मिनिटांत कळलं. ते मी पंचवीसहून अधिक वर्षं कुणाला सांगितलं नाही.

पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाच्या मागच्या कोपऱ्यात बसवलेली पत्र्याची पेटी. भिंतीतली वीज आत घ्यायची आणि संगणकाला झेपेल एवढी करून पुढे द्यायची, हे तिचं काम. त्या काळच्या पेट्यांना मागे, पंख्याच्या शेजारी, एक लाल बटन असे. ते दाबायचं नसे. त्याच्या खाचेत पेचकसाचं टोक घालून ते सरकवायचं. एका बाजूला सरकवलं की ११५ आकडा दिसे, दुसऱ्या बाजूला २३०. आपल्याकडच्या विजेला २३० लागतं.

हे मला माहीत होतं. आमचा संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने ते मला सर्व्हिसिंगच्या वेळी दाखवलं होतं, आणि सर्व्हिसिंग दसऱ्याच्या थोडेच दिवस आधी झाली होती. तो मूळचा उदगीरचा, लिंगायत. कपाळावर विभूती असे. वयाने माझ्याएवढाच, पण सगळे त्याला अप्पा म्हणत. गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ जिन्याखाली त्याचं दुकान होतं. संगणकाची पाठ माझ्याकडे वळवून तो म्हणाला होता, "साहेब, ह्या लाल बटनाला कुणी हात लावायचा न्हाई. अमेरिकेत एकशे पंधरा, आपल्यात दोनशे तीस. हे बटन अमेरिकेला गेलं, की मशीन वैकुंठाला गेलं."

बाई हसल्या होत्या. मीही हसलो होतो.

खंडेनवमीला कार्यालयातल्या सगळ्या यंत्रांची पूजा होई. टाइपरायटर, कॅमेरा, टेलिफोन, प्रमुखांची स्कूटर, स्टॅबिलायझर आणि संगणक. आधी सगळं पुसून घ्यायचं, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नारळ. संगणक पुसायचं काम माझ्याकडे होतं. आदल्या वर्षी प्रमुखांनी, पाठीमागची बाजू कोरडी राहू नये म्हणून, पंख्याच्या जाळीला आणि त्या लाल बटनाला ओलं कुंकू लावलं होतं. वर्षभरात ते खाचेत वाळून घट्ट बसलं होतं. ओल्या फडक्याने निघेना. मी स्कूटरची किल्ली घेतली आणि तिच्या टोकाने खाच कोरून काढली. कुंकू बरंचसं निघालं. आकड्याकडे मी पाहिलं नाही.

पूजा झाली. नारळ फुटला. प्रमुख बाईंना म्हणाले, "चला, लक्ष्मीच्या हातानं सुरू होऊ द्या." बाईंनी पुढचं बटन दाबलं.

बंद डबा आगीत फुटावा तसा आवाज झाला. पाठीमागून पांढरा धूर आला आणि जळक्या तेलासारखा वास खोलीभर पसरला. प्रमुख दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "दिवाळी लवकर आली वाटतं." कुणी हसलं नाही. बाई उभ्याच होत्या, बोट तसंच पुढे धरून. "सर, मी फक्त बटन दाबलं," त्या म्हणाल्या. "फक्त दाबलं, सर."

मी भिंतीतला प्लग काढला आणि टेबलामागे वाकलो. लाल बटन ११५ वर होतं. किल्ली अजून माझ्या हातात होती. तिच्या टोकाने मी बटन परत २३० वर सरकवलं. त्याला पाच सेकंदसुद्धा लागले नसतील. मग उठून मी म्हणालो, "अप्पाला बोलवायला पाहिजे."

तो तासाभरात सायकलवर आला. पेटी काढून उघडली. आत अंगठ्याएवढे दोन कॅपॅसिटर असतात, विजेचा साठा धरून ठेवणारे. दोन्हींची टोपणं उडाली होती. फ्यूजची काच काळी पडली होती. त्याने पेटी फिरवून लाल बटन पाहिलं, मग पुन्हा कॅपॅसिटर पाहिले. पेटी खाली ठेवली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, बटन कुणी हलवलं हुतं का?"

मी म्हणालो, "बटन तर दोनशे तीसवरच आहे की."

हे वाक्य खरं होतं. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मग तो काही विचारायचं थांबला. जवळचा दुसरा पॉवर सप्लाय जोडून त्याने संगणक लावून पाहिला. पडदा उजळला, पण हार्ड डिस्क फिरेना. तिच्यावर दिवाळी पुरवणीची तयार पानं होती. बाईंनी ती महिनाभर बसून लावली होती.

मुख्य कार्यालयाने लेखी खुलासा मागितला. प्रमुख मला म्हणाले, "तुमची भाषा नेमकी असते. तुम्हीच लिहा." मी लिहिला. त्यात चार वाक्यं होती. आठ दिवसांपूर्वी सदर संगणक अमुक कारागिराने सर्व्हिसिंगसाठी उघडला होता. त्यापूर्वी संगणकात कोणताही दोष नव्हता. सर्व्हिसिंगनंतर काही दिवसांतच तो चालू करताक्षणी पॉवर सप्लाय फुटला. विद्युतदाब स्टॅबिलायझरमुळे स्थिर असताना असे का झाले, याचे समाधानकारक कारण कारागीर देऊ शकला नाही.

एकही वाक्य खोटं नव्हतं. दिवसांचा आकडा मी आठवणीवरून लिहिला होता. तेवढा चुकला होता, पण ते मला बऱ्याच उशिरा कळलं.

कार्यालयाने त्याचं काम बंद केलं. लातुरात ही बातमी छापावी लागली नाही. पेपरवाल्यांचा कॉम्प्युटर अप्पाने उडवला, हे गोलाईत आठवड्याभरात सगळ्यांना माहीत झालं. पुढच्या वर्षी त्याने दुकान बंद केलं आणि तो नांदेडला गेला. दुकान बंद होण्याचं हेच एक कारण होतं, असं मी म्हणू शकत नाही. हे कारण नव्हतं, असंही म्हणू शकत नाही.

कार्यालयात नवा संगणक आला. बाई तो स्वतः चालू करत नसत. सकाळी येऊन खुर्चीवर बसत आणि म्हणत, "सर, तेवढं चालू करून द्या." बाकीचे चेष्टा करत. "बाईंच्या बोटात बॉम्ब आहे," असं कार्यालयप्रमुख आल्यागेल्यालाही सांगत. माझी बदली होईपर्यंत जवळपास चार वर्षं रोज सकाळी तो संगणक मीच चालू करून दिला.

बदली नांदेडला झाली. अप्पाचं दुकान जुन्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत आहे, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्या गल्लीतून मी गेलो नाही. मोंढ्यात काम असलं की वळसा घालून जात असे.

या वर्षी लातूरचं कार्यालय दुसऱ्या जागेत गेलं. अडगळीच्या खोलीत तो जुना संगणक निघाला, फुटलेल्या पॉवर सप्लायसकट. तिथल्या मुलांनी फोन करून विचारलं, भंगारात देऊ का तुम्हाला पाठवू. नांदेडच्या एका महाविद्यालयात पत्रकारिता शिकवणारे एक ओळखीचे प्राध्यापक वर्षभर मागे लागले होते, की जुन्या काळी वर्तमानपत्राची पानं ज्यावर लागत तसा एखादा संगणक मुलांना दाखवायला हवा. हार्ड डिस्क नसली तरी चालेल, पडद्यावर अक्षरं उमटली तरी पुरे. मी संगणक मागवून घेतला.

नांदेडात तीन दुकानांत विचारलं. तिघांनीही पेटी हातात घेतली, फिरवली आणि परत दिली. तिसरा म्हणाला, "काका, हे आमच्या जन्माच्या आधीचं आहे. अप्पांकडे जा. जुनं तेवढं तेच बघतात."

मी पेटी कापडी पिशवीत घातली आणि दुपारी साडेतीनला त्या गल्लीत गेलो.

दुकान अरुंद होतं. तो टेबलामागे बसला होता. केस पांढरे, चष्मा जाड, कपाळावर विभूती तशीच. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"या, साहेब," तो म्हणाला. "लई दिवसांनी. म्हणलं, हा माणूस नांदेडात असून कवा येतोय की न्हाई."

मी नांदेडात आहे हे त्याला ठाऊक होतं. मी पिशवी टेबलावर ठेवली. त्याने पेटी बाहेर काढली आणि पाहताक्षणी ओळखली.

"अजून हाय ही? तुमी भंगारवाल्याचा धंदा बुडवायलाव."

त्याने चहा सांगितला आणि पेचकस घेतला. झाकणाचे चार स्क्रू काढून आधी आत नाक घातलं. मग फुटलेल्या कॅपॅसिटरच्या दोन्ही पायांना जाड वायर टेकवली. मी म्हणालो, इतक्या वर्षांनी त्यात वीज कुठे राहणार.

"न्हाईच राहत. हाताला सवय पाहिजे. ज्याची सवय सुटली, त्याचा फोटो भिंतीवर."

आतलं काम त्याने क्रमाने केलं. फ्यूज बदलला. दोन्ही कॅपॅसिटर उखडून नवे बसवले. मग टेबलाखालून एक लाकडी फळी काढली. तिच्यावर साधा शंभर वॅटचा बल्ब होता. घरातली वीज आधी त्या बल्बातून आणि मग पेटीत जाईल, अशी जोडणी होती. पेटीत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि पेटी वाचते. बल्ब मंद राहिला तर पेटी ठीक.

त्याने फळीवरचं बटन दाबलं. बल्ब लख्ख पेटला.

"शॉर्ट हाय अजून," तो म्हणाला आणि मीटरच्या दोन काड्यांनी एकेक भाग तपासू लागला. बीप वाजला की थांबायचा. दोन ट्रान्झिस्टर गेलेले निघाले. जुन्या पेट्यांतून तसलेच दोन काढून त्याने ते डाग देऊन बसवले. पुन्हा बटन दाबलं. बल्ब क्षणभर उजळला आणि विझत विझत लाल तारेएवढा राहिला. पंखा मात्र हलला नाही.

"आता का नाही?" मी विचारलं.

"काम दिल्याबिगर ही चालू होत न्हाई. रिकामी बसती." त्याने मोटारीचा छोटा बल्ब आणि एक जुनी डिस्क तिच्या वायरींना जोडली. पंख्याची पाती थरथरली आणि फिरू लागली. त्याने मीटर पिवळ्या वायरीला लावला, मग तांबड्या वायरीला. बारा. पाच. तो खूश दिसला.

मग त्याने फळीवरचं बटन बंद केलं, झाकण लावलं, पेटी उलटी केली आणि पाठ पुसायला घेतली. लाल बटनाशी त्याचा हात थांबला. त्याने भिंग घेतलं. खाचेच्या कोपऱ्यात अजून कुंकू होतं, आणि त्याच्यावर किल्लीचा ओरखडा.

मी वर पाहिलं. त्याच्या मागच्या फळीवर दहा-बारा पॉवर सप्लाय ओळीने ठेवले होते, पाठी आमच्याकडे करून. प्रत्येकाच्या लाल बटनावर करड्या एमसीलचा, वाळल्यावर दगडासारखा होणारा, गोळा बसवला होता. बटन हलणारच नाही असा.

"हे सगळ्यांना लावता?" मी विचारलं.

"सगळ्यांला. माझ्या हातून गेली ती पेटी बटन बुजवल्याबिगर जात न्हाई."

"कधीपासून?"

"तुमच्या मशीनपासून." तो खाच पिनेने कोरत होता. "दोन्ही कॅपॅसिटर जोडीनं फुटले, की कारण एकच असतंय. बटन अमेरिकेला गेलेलं. ते मला तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का नाही?"

"इचारलो की तुमाला. तुमी म्हणला, बटन दोनशे तीसवरच हाय. मी बाईंकडं बघितलो. म्हणलं, पुसता पुसता ह्यांच्या हातनं सरकलंय आन् साहेब त्यांची नोकरी वाचवायलेत. चांगला माणूस हाय, म्हणलं. मग मी बी गप बसलो."

चहा आला. मी तो घेतला नाही.

मी सांगितलं की पुसायचं काम माझ्याकडे होतं. किल्लीने खाच मी कोरली. फुटल्यावर ११५ आकडा मी पाहिला आणि बटन मीच परत सरकवलं. बाईंनी बटनाला हात लावला नव्हता. खुलासाही मीच लिहिला होता.

त्याने पिन खाली ठेवली.

"म्हंजे बाईंचं काय बी न्हाई?"

"नाही."

"आन् तुमी मला माहीत असून बी न्हाई सांगितलं."

"नाही सांगितलं."

"मी तुमचं नाव चांगलं घेतलो हो," तो म्हणाला. "माझ्या घरी. बायकोला सांगितलो, माणूस बघ कसा हाय. सोताच्या ऑफिसातल्या बाईसाठी."

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून होती की नुसती, ते सांगता येत नाही.

मग त्याने उदगीरच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगितली. भावाची मशिनरीच्या सुट्या भागांची पेढी. दसऱ्याला सगळं कुटुंब तिथे जमतं, आणि खंडेनवमीला पूजेला कुणी बसायचं असा विषय निघाला की भाऊ दरवर्षी म्हणतो, "अप्पाला नका बसवू, पेपरवाल्याचं उडवलं तसं आपलं उडवंल." पोरं हसतात. सुना पदराआड हसतात. त्या वर्षापासून तो एकदाही पूजेला बसलेला नाही.

"तुमी लिवणारे माणूस," तो म्हणाला. "तवा लिवलं, तसं आता लिवा. मोठ्या अक्षरात. त्याला बारीक दिसत न्हाई."

त्याने ड्रॉवरमधून रेघांचा कागद काढला. मी लिहायला बसलो. पहिलं वाक्य आठ दिवसांचं होतं. त्याने वाचून बोट ठेवलं.

"आठ न्हाई. अकरा दिवस. मी सोमवारी आलो हुतो, माझ्या वहीत हाय. आन् 'कारागीर' काय लिवता? माझं नाव लिवा. तवा लिवलं हुतं की."

मी कागद फाडला आणि नवा घेतला. अकरा दिवस, त्याचं पूर्ण नाव, माझं पूर्ण नाव, लाल बटन, किल्ली, ११५, परत २३०. खाली सही आणि माझा फोन नंबर. त्याने तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"बाईंना सांगितलं का?"

"अजून नाही."

"त्यांना बी सांगा. मी उगी त्यांच्यावर लई वर्षं संशय धरून हुतो." एमसीलचे दोन रंग बोटांत मळून त्याने गोळा केला आणि आमच्या पेटीच्या लाल बटनावर दाबून बसवला. "घंटाभर वाळू द्या, साहेब. मग न्या."

बाई आता अहमदपूरला मुलीकडे असतात. पुढच्या रविवारी मी एसटीने गेलो. त्यांनी पोहे केले. मी सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, घरात अजून मिक्सर लेकच चालू करते. मी बाजूला उभी राहते." मग प्लेट उचलून आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्यांच्या मुलीने मला स्टँडवर सोडलं.

संगणक महाविद्यालयात लागला आहे. प्राध्यापकांनी मुलांसमोर तो सुरू करायचा मान मला दिला. मी तो त्यांनाच दिला. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

खंडेनवमीला दुपारी मला उदगीरच्या नंबरवरून फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता. मागे माणसांची गडबड आणि घंटा ऐकू येत होती.

"पेपरवाले का?"

"हो."

"ही सही तुमचीच का?"

"माझीच."

"तवाचं बी तुमीच लिवलं हुतं का?"

"हो."

मग फोनपासून तोंड बाजूला करून त्यांनी कुणाला तरी हाक मारली, "अप्पा, ये रे. बस पूजेला."

आणि फोन ठेवला. तो कॉल एक मिनिट चार सेकंदांचा होता.